बॅकअप म्हणून डेरिंजर: निवड, सराव, बाळगणं आणि निगा

डेरिंजर म्हणजे तळहातात मावणारं, एकावर एक दोन नळ्यांचं पिस्तूल. त्याला मॅगझिन नाही, रिव्हॉल्व्हरसारखं फिरतं चक्र नाही, मागे-पुढे सरकणारी स्लाइडही नाही. दोन काडतुसं भरायची, दोन बार काढायचे, की संपलं. अमेरिकेत हे कायदेशीरपणे विकत मिळतं. रोज अंगावर मुख्य पिस्तूल बाळगणारे काही जण ‘ते हाताला आलं नाही किंवा अडकलं तर’ म्हणून सोबत डेरिंजर ठेवतात. हा लेख तेवढ्याच वापरासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. डेरिंजरची अडचण फक्त दोन गोळ्यांची नाही. बहुतेक मॉडेलमध्ये प्रत्येक बारापूर्वी घोडा, म्हणजे हॅमर, अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि चाप जड असतो, हे त्याहून अवघड आहे. दुकानात हातात घेऊन पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण तिथे घाई नसते आणि हाताला घामही नसतो. साधारण ५७० ग्रॅमची पोलादी डेरिंजर दोन गोळ्या देते. पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर ४१० ग्रॅमच्या आसपास मिळतं. .३८० काडतुसाची खिशात मावणारी सेमी-ऑटो तर २७५ ग्रॅमच्या आसपास वजनात सहा-सात गोळ्या देते. एकच हत्यार बाळगणार असाल तर डेरिंजर घेऊ नका. मुख्य पिस्तूल आधीच आहे, त्याचा सराव आहे आणि दुसऱ्या खिशासाठी चपटं, कमी भागांचं, महिनोन्‌महिने भरलेलं राहू शकणारं काहीतरी हवं आहे, अशा माणसाला ती शोभते.

खरेदीआधी: व्हिसा आणि राज्य

अमेरिकेतल्या मराठी वाचकासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस विकत घेणं, इतकंच काय नुसतं ताब्यात ठेवणंही, केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा बेत आखू नका. वकिलाचा स्पष्ट लेखी सल्ला हाती नसेल तर ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबा. अर्ज प्रलंबित आहे म्हणजे कार्ड मिळालं असं होत नाही. मित्राबरोबर रेंजवर जाऊन ‘दोन बार मारून बघतो’ म्हणणंसुद्धा याच नियमात येतं.

ग्रीन कार्डधारक कायदेशीरपणे घेऊ शकतो. दुकानात बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरताना आपला यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) क्रमांक द्यावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासणी होते. परवानाधारक दुकानातून हँडगन घेण्यासाठी साधारणपणे वय २१ पूर्ण लागतं, आणि हँडगन आपल्या राहत्या राज्यातल्या दुकानातूनच हातात मिळते. दुसऱ्या राज्यात पसंत पडली तर ती आपल्या गावच्या दुकानाकडे पाठवून घ्यावी लागते. फॉर्मवर गांजाबद्दल थेट प्रश्न असतो. राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राच्या लेखी ते बेकायदाच आहे, हे त्याच प्रश्नाखाली छापलेलं असतं. खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा.

‘तुझ्याकडे कार्ड आहे ना, माझ्यासाठी घे, पैसे देतो,’ अशी विनंती जवळच्या मित्राकडून आली तरी स्वच्छ नकार द्या. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर खरेदी करणं हा गंभीर केंद्रीय गुन्हा आहे, आणि बंदुकीशी संबंधित गुन्ह्यात ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर पाठवलं जाऊ शकतं.

राज्याराज्यांचे नियम डेरिंजरला काही खास ठिकाणी आडवे येतात:

- कॅलिफोर्नियात .४५ कोल्ट आणि .४१० शॉटगन अशी दोन्ही काडतुसं घेणारी नळी आखूड शॉटगन समजली जाते, त्यामुळे ती चालत नाही. इतर कॅलिबरचं, म्हणजे काडतुसाच्या वेगळ्या मापाचं, मॉडेलसुद्धा तिथल्या मंजूर यादीत आहे का, ते दुकानात विचारा.
- न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी वेगळं खरेदी परमिट लागतं. पोकळ टोकाच्या म्हणजे हॉलो पॉइंट गोळ्या अंगावर बाळगता येत नाहीत.
- इलिनॉयमध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या जस्त-मिश्रधातूच्या ओतीव फ्रेमची हँडगन दुकानदाराला विकता येत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच डेरिंजर नेमक्या या धातूच्या असतात.
- ज्या राज्यांत परमिटविना बाळगायला मुभा आहे तिथेही परमिट काढा. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर केंद्राची बंदी आहे, आणि त्या राज्याचं परमिट असेल तर त्यातून सूट मिळते. उपनगरात मुलांना शाळेत सोडायला जाताना ही हद्द नकळत ओलांडली जाते.

पोस्ट ऑफिसात बंदी सगळीकडेच आहे. मंदिर, गणेशोत्सवाचा भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल, मद्य मिळणारं रेस्टॉरंट, यांचे नियम राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असेल तर डेरिंजर घरीच कुलुपात ठेवायची. पार्किंगमध्ये गाडीत ठेवली तरी आवार शाळेचंच असतं.

कोणती घ्यावी

फिलाडेल्फियाचे बंदूककार हेन्री डेरिंजर यांची खिशातली एकबारी पिस्तुलं एकोणिसाव्या शतकात गाजली. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर जॉन विल्क्स बूथने त्यातल्याच एका पिस्तुलाने गोळी झाडली. आज आपण डेरिंजर म्हणून जो आकार ओळखतो तो मात्र रेमिंग्टनच्या दुनळीचा आहे. ती १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत होती आणि .४१ रिमफायर (पिन बुडाच्या कडेवर आदळून फुटणारं) काडतूस घ्यायची. आजोबांच्या काळातली अशी रेमिंग्टन लिलावात मिळाली तर ती काचेच्या पेटीत ठेवा. तिच्या बिजागरीचे कान तडकतात, तिला आधुनिक सुरक्षा-यंत्रणा नाही, आणि ते काडतूस आता सहज मिळत नाही. हॅमर खाली असताना तो फायरिंग पिनवर आणि पिन काडतुसावर टेकलेली असते. खाली पडली तर बार उडू शकतो.

आजच्या बाजारात तीन प्रकार समोर येतात.

पहिला, पोलादी सिंगल-ॲक्शन, म्हणजे हॅमर दर वेळी हाताने ओढायचा. टेक्सासमधल्या ग्रॅनबरीची बॉन्ड आर्म्स हा यातला सगळ्यात परिचित कारखाना. स्टेनलेस पोलाद, अडीच ते साडेतीन इंची नळ्या, बार झाल्यावर किंचित मागे येऊन थांबणारा हॅमर, फ्रेममधून आडवी सरकणारी सेफ्टी (बार अडवणारी खिटी) आणि काढता येणारा ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचं कडं). बहुतेक मॉडेलना वेगळ्या कॅलिबरच्या नळ्या बसवता येतात. किंमत साधारण ३०० ते ६०० डॉलर. रोज बाळगायची तर याच वर्गातली घ्यावी.

दुसरा, डबल-ॲक्शन. हॅमर दिसत नाही, नुसता चाप लांब आणि जड ओढायचा. हाय स्टँडर्डची .२२ ची डेरिंजर १९६० च्या दशकापासून अशीच होती. अंगठ्याचं काम वाचतं, पण चाप इतका जड असतो की नेम हलतो. जुन्या बाजारात मिळते, सुटे भाग मात्र कठीण.

तिसरा, जस्त-मिश्रधातूच्या स्वस्त डेरिंजर. सरळ सांगायचं तर नको. फ्रेम आणि बिजागरी झिजतात, नळी ढिली होते, पिन काडतुसाच्या मध्यावर बसेनाशी होते.

युटातल्या प्रोव्हो इथल्या नॉर्थ अमेरिकन आर्म्सची पाच गोळ्यांची बारकी रिव्हॉल्व्हरं लोक डेरिंजरच्याच रांगेत धरतात. ती कितीतरी हलकी आहेत. पण .२२ रिमफायर काडतूस बुडाच्या मध्यावर फुटणाऱ्या सेंटरफायरइतकं भरवशाचं नाही, आणि मूठ इतकी लहान की घाईत धड पकडता येत नाही.

कॅलिबर

इथे मोह आवरावा लागतो. .३५७ मॅग्नम, .४५ कोल्ट, .४१० शॉटगन ही नावं ऐकून ‘दोनच गोळ्या आहेत तर जबरदस्त हव्यात’ असं वाटतं. पण तळहाताएवढ्या मुठीतून मॅग्नम मारल्यावर पिस्तूल बोटांत उलटं फिरतं, आणि दुसरा बार काढण्याआधी पकड पुन्हा बसवावी लागते. दुसरी गोळी उशिरा आणि भलतीकडे गेली तर पहिलीच्या ताकदीचा काय फायदा?

.३८ स्पेशल किंवा ९ एमएम, साध्या दाबाची, ही बहुतेकांसाठी योग्य निवड आहे. .३८ मध्ये १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर गोळी उत्तम. तिचं टोक सपाट असतं, धक्का मवाळ असतो, आणि आखूड नळीतून पोकळ टोक उमलेल की नाही हा प्रश्नच उरत नाही. न्यू जर्सीच्या नियमातही ती बसते. ९ एमएममध्ये ११५ ते १२४ ग्रेन. मुख्य पिस्तूल ९ एमएमचं असेल तर एकाच डब्यातली काडतुसं दोन्हींना चालतात. कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत परवानगी नसेल तर +पी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं भरू नका.

.३८ ला आणखी एक बाजू आहे. त्याच्या काडतुसाला मागे कडा असते, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे पुंगळी उचलणाऱ्या भागाला, ते धरून वर उचलणं सोपं जातं.

.४१० बद्दल थोडं सविस्तर, कारण विक्री याच नावावर होते. पिस्तुलाच्या नळीला आतून पेच असतात. गुळगुळीत नळीचं पिस्तूल केंद्राच्या १९३४ च्या कायद्याखाली वेगळ्या नोंदणीच्या वर्गात जातं, म्हणून पेच ठेवावेच लागतात. त्या पेचांमुळे छर्ऱ्यांचा गठ्ठा गोल फिरतो आणि बाहेर पडताच पसरतो. काही पावलांवरच बारीक छर्रे मोठ्या वर्तुळात जातात, मधोमध मोकळी जागा राहते. शेतातल्या सापासाठी हे चालेल. माणसाविरुद्ध स्वसंरक्षणात प्रत्येक छर्ऱ्याची जबाबदारी तुमची असते, त्यामुळे पसरणारा बार हा दोषच. शिवाय काडतुसाची लांबी अडीच इंच की तीन इंच हे नळीवर कोरलेलं असतं, तेच घ्या.

दुकानात हातात घेतल्यावर

नवी असो वा वापरलेली, पैसे देण्याआधी हे पाहा. दुकानदाराला आधी विचारा, आणि नळ्या उघडून दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री स्वतः करा.

१. नळ्या बंद करून समोरचं टोक दोन बोटांत धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. नव्या पोलादी डेरिंजरमध्ये खडखड जाणवता कामा नये. वापरलेलीत केसभर हालचाल चालेल, टकटक आवाज आला तर परत ठेवा.

२. उघडायची कळ सोडल्यावर ती पूर्ण जागेवर बसते का पाहा. अर्धवट बसली तर नळी किंचित उचललेली राहते आणि पिनचा फटका कमजोर पडतो.

३. सोबत डमी, म्हणजे दारू नसलेली सरावाची काडतुसं न्या. दोन्ही नळ्यांत भरा, हॅमर ओढा, सुरक्षित दिशेला चाप ओढा, पुन्हा हॅमर आणि चाप ओढा, मग डमी काढून पाहा. दोन्हींच्या बुडावर पिनची खूण मधोमध हवी. एकावरच खूण दिसली तर पाळीपाळीने नळी बदलणारा भाग (कॅम) काम करत नाही.

४. एक्स्ट्रॅक्टर वर सरकतो का पाहा. तो काडतूस बाहेर फेकत नाही, नुसतं नखाला धरता येईल इतकं उचलतो.

५. मुठीत धरून करंगळी कुठे येते ते बघा. खाली लोंबकळत असेल तर मोठी ग्रिप बसवायचा खर्च धरा. खिशात ती थोडी फुगते, पण पकड कितीतरी सुधारते.

ट्रिगर गार्ड काढून टाकायचा सल्ला जुने शौकीन देतात, म्हणे खिशातून पटकन निघते. गार्ड ठेवाच. उघडा चाप खिशात कशालाही अडकू शकतो.

चाप ओढायची रीत

नवशिक्याची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘चाप ओढलाच जात नाही, बिघडलंय.’ बिघडलेलं काही नसतं. या रचनेत चाप सरळ मागे जात नाही. तो खालच्या बाजूला, तिरका मागे वळतो. बोट सरळ मागे दाबलं तर सगळा जोर चापाच्या बिजागरीवर जातो आणि चाप दगडासारखा वाटतो. बोटाचं पेर चापाच्या वरच्या टोकावर न ठेवता मधोमध खालच्या अंगाला ठेवा आणि ओढ मुठीच्या टाचेकडे द्या, म्हणजे खाली आणि मागे. तोच चाप एकदम हलका होतो. घरी डमी काडतुसं घालून दिवसाला दहा-पंधरा वेळा, आठवडाभर, एवढं पुरतं. सराव करायच्या खोलीत खरी काडतुसं ठेवायची नाहीत. .२२ ची असेल तर डमीशिवाय चाप ओढूच नका, पिन नळीच्या कडेवर आदळून कड चेपते आणि पुढे काडतूस बसेनासं होतं.

दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी कधीही नळीच्या पुढच्या टोकाजवळ येऊ देऊ नका. नळी अडीच-तीन इंचांची आहे. मोठ्या पिस्तुलाच्या सवयीने डावा अंगठा पुढे ताणला तर तो थेट तोंडासमोर येतो. दोन हातांनी धरायचं असेल तर डाव्या हाताची बोटं उजव्या बोटांवर गुंडाळा आणि डावा अंगठा हॅमर ओढायच्या कामाला मागेच ठेवा.

रेंजवरचा पहिला दिवस

डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण लागतंच, आखूड नळीचा आवाज आणि भडका दोन्ही मोठे असतात. लक्ष्य म्हणून आठ इंची कागदी प्लेट घ्या.

तीन यार्डांपासून सुरुवात करा. वरच्या नळीत खरं काडतूस, खालच्या नळीत डमी. हॅमर ओढून चाप दाबा. या रचनेत प्रत्येक ओढीला पाळी बदलते, त्यामुळे पहिली ओढ डमीवर पडून नुसता टक आवाज येऊ शकतो. नेम तसाच ठेवून पुन्हा हॅमर ओढा आणि चाप दाबा. दोन्ही वेळा टक झालं तर खरं काडतूस फुटलेलं नाही. तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच उघडा. असे पाच बार वरच्या नळीचे काढून प्लेटवर निळी खूण करा. मग खालच्या नळीचे पाच बार आणि लाल खूण.

दोन नळ्या एकाच ठिकाणी मारत नाहीत, हे तुम्हाला इथे दिसेल. निळा आणि लाल गट थोडे वर-खाली पडतात. आता पाच यार्ड, मग सात यार्ड. ज्या अंतरावर दोन्ही रंगांचे सगळे बार प्लेटच्या आत राहतात ते तुमचं अंतर. त्याच्या पलीकडे ही डेरिंजर तुमच्यासाठी नाही, असं मनाशी पक्कं करा. काडतूस बदललं की हे सगळं पुन्हा, कारण ग्रेन आणि वेग बदलला की दोन्ही गट सरकतात.

पहिल्या दिवशी २० ते ३० बारांवर थांबा. तळहात दुखू लागल्यावर हात आपोआप दचकायला लागतो, आणि ती सवय नंतर मोडायला वेळ जातो.

पुढच्या वेळी डाव्या हाताने तेच करा. बॅकअपची वेळ येते ती बरेचदा उजवा हात गुंतलेला किंवा जखमी असताना. डाव्या अंगठ्याने हॅमर पूर्ण मागे जात नसेल, अर्ध्यावर निसटत असेल, तर नुसता अंगठा न वापरता मूठ किंचित पुढे झुकवून अंगठ्याच्या सांध्याने ओढा. तरीही जमत नसेल तर ही डेरिंजर डाव्या खिशासाठी नको, पाच गोळ्यांचं डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर घ्या. हा निर्णय रेंजवरच व्हायला हवा.

आमच्या मते स्वीकारार्ह कसोटी अशी: होल्स्टरमधून काढून, हॅमर ओढून, तीन यार्डांवर प्लेटमध्ये दोन्ही गोळ्या चार सेकंदांत, सलग पाच वेळा. रेंज होल्स्टरमधून काढायला परवानगी देत नसेल तर छातीजवळच्या तयार स्थितीतून अडीच सेकंद धरा. पुन्हा भरायचा वेग मोजत बसू नका. कळ दाबून, नळी उचलून, नखांनी दोन रिकाम्या पुंगळ्या काढून दोन सुटी काडतुसं घालणं थरथरत्या बोटांनी होत नाही.

हॅमर ओढलेला आहे आणि बार काढायचा नाही

अपघात होतात ते इथे. भरलेल्या डेरिंजरचा हॅमर अंगठ्याने अलगद सोडायला जाल आणि घामट अंगठा निसटला तर बार उडेल. क्रम असा ठेवा: बोट चापापासून दूर, तोंड सुरक्षित दिशेला, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत सांगितलेली सेफ्टी लावा, रचना परवानगी देत असेल तर कळ दाबून आधी नळ्या उघडा, काडतुसं काढा, आणि मग रिकाम्या पिस्तुलावर हॅमर खाली घ्या. काही रचनांमध्ये हॅमर कोणत्या स्थितीत असताना नळ्या उघडायच्या ते ठरलेलं असतं, म्हणून पुस्तिका वाचून हा क्रम डमीवर पाठ करा.

खिशात किंवा होल्स्टरमध्ये असताना हॅमर ओढायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत. डेरिंजर बाहेर, तोंड समोर, मग अंगठा.

अंगावर कुठे

मुख्य पिस्तूल उजव्या कमरेला असेल तर डेरिंजर डाव्या पुढच्या खिशात. हा साधा नियम बहुतेकांना पुरतो. घोट्यावर बांधायची तर पँटचा पाय खाली रुंद हवा, आणि ती काढायला वाकावं किंवा बसावं लागतं, गाडीत बसलेल्या माणसाला ते सोपं आहे, उभ्याला नाही. जाकिटाच्या आतला खिसा हिवाळ्यात छान, पण जाकीट काढून खुर्चीवर टाकलं की डेरिंजरही खुर्चीवर जाते.

खिशातल्या होल्स्टरकडून तीन गोष्टी हव्यात: चाप पूर्ण झाकलेला, पिस्तूल काढताना होल्स्टर खिशातच राहील असा खरबरीत बाहेरचा थर, आणि हॅमरची शेपटी अस्तरात अडकणार नाही अशी उंच कड. त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत, रुमालही नाही. ५७० ग्रॅमचं पोलाद पातळ सुती पँटमध्ये लटकतं आणि आकार दिसतो. वजन टोचत असेल तर बॉन्डची स्टिंगर साधारण ३४० ग्रॅमची आहे, चपटीही आहे, मात्र त्या वजनात ९ एमएमचा धक्का हाताला लागतो.

आडवी सेफ्टी लावून बाळगायची की न लावता? मागे येऊन थांबणारा हॅमर असलेल्या नव्या डेरिंजरमध्ये हॅमर खाली असेल तर ती मुळात सुरक्षित अवस्था आहे. दोन्हींतली एक रीत निवडा आणि प्रत्येक सरावात तीच पाळा. सेफ्टीचा बोल्ट नव्यात घट्ट असतो, घाईत विसरला जातो.

निगा

रेंजवरून आल्यावर त्याच संध्याकाळी साफ करा. नळ्या उघडा, रिकाम्या असल्याची खात्री करा. कॅलिबरचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून मागच्या बाजूने, म्हणजे काडतूस बसतं तिकडून, प्रत्येक नळीत आठ-दहा वेळा फिरवा. दहा मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या पट्ट्या स्वच्छ निघेपर्यंत. काडतूस बसायच्या जागेची भिंत वेगळी पुसा, तिथे काजळी राहिली की पुंगळी अडकते. .४१० मारली असेल तर पेचांत प्लास्टिकचा थर बसतो, तो ब्रशनेच निघतो. पिनच्या दोन छिद्रांभोवतीची काजळी मऊ दात-ब्रशने काढा. बिजागरीच्या स्क्रूला एक थेंब तेल, कळीच्या कॅमला एक थेंब, हॅमरच्या बाजूंना अर्धा. जास्त तेल घातलं तर खिशातली सगळी लव तिथे चिकटते.

खिशातल्या पिस्तुलाचा खरा शत्रू बारापेक्षा लवच आहे. कापसाचे तंतू हॅमरच्या खाचेत गादीसारखे बसतात आणि फटका मऊ होतो. बार काढले नसले तरी महिन्यातून एकदा रिकामं करून कोरड्या ब्रशने झाडा. ह्यूस्टनसारख्या दमट हवेत स्टेनलेस पोलादाच्या स्क्रूंच्या डोक्यांवरही घामाने गंज धरतो, तेलाच्या फडक्याने पुसत चला. बाळगायची दोन काडतुसं वर्षातून एकदा रेंजवर मारून बदला. दरम्यान त्यांचं बूड तपासा. हिरवट डाग किंवा सैल झालेली गोळी दिसली तर ते काडतूस वापरातून काढा. हलक्या पिस्तुलात पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसऱ्या काडतुसातली गोळी पुढे सरकू शकते, म्हणून रेंजवर एकदा पहिला बार काढून दुसरं काडतूस न मारता बाहेर घ्या आणि नव्याशेजारी उभं करून उंची पाहा.

काय बिघडतं, का बिघडतं

चाप ओढला, टक झालं, बार नाही: नळी पूर्ण मिटली नव्हती, हॅमरखाली लव साचली होती, किंवा स्प्रिंग थकली. पहिल्या दोन गोष्टी साफ करूनही प्रत्येक डब्यात एखादं काडतूस असंच राहत असेल तर स्प्रिंग बदलून घ्या.

पुंगळी निघत नाही: जागा मळलेली, किंवा जास्त दाबाच्या काडतुसाने पुंगळी फुगलेली. चाकूने उचकटू नका, एक्स्ट्रॅक्टर वाकतो. दुसरी नळी रिकामी करा, आणि पुढच्या तोंडातून लाकडी काडी घालून हळू मागे ढकला.

बाराचा आवाज फुसका आला, धक्का बसलाच नाही: थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरा बार मारला तर नळी फाटेल. रिकामं करून उजेडात नळीतून आरपार पाहा.

नळ्या ढिल्या वाटू लागल्या: बिजागरीचा स्क्रू सोबत आलेल्या ॲलन कीने तपासा. घट्ट करूनही हलत असेल तर कारखान्याकडे पाठवा, घरी कानस लावू नका.

घरात

डेरिंजर इतकी लहान असते की ती ‘तात्पुरती’ कपाटातल्या स्वेटरखाली, गाडीच्या दारात, पर्समध्ये ठेवली जाते. मूल ती खेळणं समजून उचलतं. हॅमर जड आहे म्हणून लहान मुलाला जमणार नाही, या समजावर विसंबू नका, दोन्ही हातांचे अंगठे लावले की जमतं. अंगावर नसेल तेव्हा ती आकड्यांच्या कुलुपाच्या लोखंडी पेटीत ठेवायची, आणि पेटी केबलने पलंगाच्या चौकटीला बांधायची. चोराला पेटीच उचलून नेता येऊ नये.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांना कुलुपाचा आकडा सांगू नका. प्रेमापोटी ‘घरी एकटे असतात, माहीत असू दे’ म्हणून सांगितलं तर त्यांच्याच डोक्यावर कायद्याचं ओझं येतं. घरातलं कुणी खोल निराशेत असेल तर डेरिंजर काही काळासाठी घराबाहेर, कायदेशीर जागी ठेवा. अनेक बंदुकीची दुकानं आणि काही पोलीस ठाणी तात्पुरती ठेवून घेतात. ९८८ या मानसिक संकटातल्या मदतीच्या क्रमांकावर फोन करून बोलता येतं, तो चोवीस तास चालतो.

प्रवास आणि भारतवारी

अमेरिकेतल्या विमानात ती फक्त चेक-इन सामानात जाते: रिकामी, टणक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर तोंडी सांगून. काडतुसं त्यांच्या डब्यात. नेवार्क किंवा न्यूयॉर्कला पुढचं विमान चुकलं आणि विमान कंपनीने रात्रीसाठी बॅग तुमच्या हातात दिली, तर ती घेऊ नका. तिथल्या कायद्यात ती तुमच्या ताब्यात आली असं ठरतं, आणि प्रवासाला मिळणारं केंद्रीय संरक्षण तिथे अपुरं पडलेलं आहे. बॅग विमान कंपनीकडेच ठेवायची विनंती करा.

भारतात डेरिंजर न्यायचा विचारही करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्याशिवाय काहीच चालत नाही, आणि ९ एमएम कॅलिबर तिथे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. जास्त धोका असतो तो विसरलेल्या काडतुसाचा. डेरिंजरची काडतुसं मॅगझिनमध्ये नसतात, सुटी असतात, त्यामुळे ती जाकिटाच्या कोपऱ्यात, लॅपटॉप बॅगच्या छोट्या कप्प्यात, गाडीच्या कप-होल्डरमध्ये राहून जातात. मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर एक्स-रेत एक काडतूस दिसलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, मग सुट्टी पोलीस ठाणं आणि कोर्टात जाते. म्हणून रेंजसाठी वेगळी पिशवी ठेवा आणि ती प्रवासाला कधीही वापरू नका. काडतुसं नेहमी पन्नासच्या डब्यातच ठेवा, म्हणजे एखादं कमी झालं की खाचा मोजताना कळतं. भारताच्या बॅगा भरायच्या आदल्या रात्री प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, आणि जाकिटाचं अस्तर खिशाजवळ फाटलं आहे का ते बोट घालून पाहा, कारण सुटं काडतूस तिथूनच आत घसरतं.